हॅलोरनचं दुसरं नाव

टॉम हॅलोरन कुठे जन्मला, कधी मेला, हे अमेरिकेतसुद्धा कुणाला ठाऊक नसेल. कानडी मुलखात, जे. पी. नगरला राहणाऱ्या हंबीररावांना मात्र तो डाव्या पायानं किती गोल मारायचा, हे तोंडपाठ होतं. शंभर वर्षांपूर्वीचा फुटबॉलपटू. सतराव्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एका कापडगिरणीत लागला, तो सूत कातायला नव्हे, गिरणीच्या संघात पळायला. गिरणी बंद पडली तसा वर्तमानपत्रांतूनही नाहीसा झाला. हंबीररावही पंधरा वर्षं एका कारखान्याच्या संघातून असेच पळालेले. त्यामुळे निवृत्तीनंतर जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं इंटरनेटवर धुंडाळायचं त्यांना वेडच लागलं.

तनय भेटला तो याच नादात. मूळचा पुण्याचा, आता त्याच शहरात मारतहळ्ळीला राहणारा, नोकरी सांभाळून फुटबॉलच्या इतिहासाचे व्हिडिओ करणारा. दर शनिवारी यायचा, लिंबाच्या चित्रान्नावर ताव मारायचा आणि "काका, तुम्ही लेजंड आहात," म्हणायचा. हंबीरराव काही भोळे नव्हते. पण कौतुक कुणाला कडू लागतं?

एका शनिवारी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. दूरच्या एका पोलाद कारखान्याकडून ‘जो ब्रेडी’ नावाचा कुणी खेळायचा. ब्रेडी ज्या रविवारी मैदानात, त्या रविवारी हॅलोरन हमखास आजारी. आणि कॉर्नर मारण्याआधी दोघेही बूट मोज्याला पुसायचे.

"एकच माणूस रे तो! दोन नावांनी खेळायचा."

"पण काका, प्रूफ काय? लोक म्हणतील, इमॅजिनेशन आहे."

इथे म्हातारा घसरला. "प्रूफ मी आहे," म्हणाला, आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगून बसला. आनेकलचा पुरुषोत्तम, त्यांचा जिवलग, दुसऱ्या कारखान्यात हंगामी होता. फायनल जिंकून दिली तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि नेमका आदल्या दिवशी टायफॉइडनं आडवा झाला. दोघांची उंची सारखी, मिशी सारखी. संघातली पोरं सामील, पंचाकडे नुसती नावांची यादी, साहेब लोक लांब मांडवात. हंबीरराव त्याच्या नावानं उतरले, गोल मारला, डोक्यावर टॉवेल घेऊन पदकही घेतलं. पुरुषोत्तम कायम झाला.

"तो आता नाही. पण अहल्या अक्का आहे, त्याची बायको. पदक देवघरात ठेवते ती. तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच. सरी?"

"सरी, काका. प्रॉमिस."

तनयचा फोन टेबलावर उताणा पडला होता. नोंदींसाठी तो नेहमीच आवाज टिपून घ्यायचा.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. हॅलोरनला चार मिनिटं, बाकी सगळं हंबीररावांचं: त्यांचा फोटो, त्यांचा आवाज, पुरुषोत्तमचं नाव, गावासकट. हंबीररावांनी लगेच फोन लावला.

"अरे, शब्द दिला होतास ना?"

"काका, खरी स्टोरी तीच तर आहे! ह्यूमन अँगल. लोक तुम्हाला हिरो म्हणतायत, कमेंट्स बघा ना."

केसानं गळा कापायचा आणि वर हार घालायचा! हंबीररावांनी रागानं फोन ठेवून दिला. ज्याला पोराच्या मायेनं वाढलं, त्यानं आपल्याला विकलं होतं. पुढच्या शनिवारी आला तर काय शिव्या घालायच्या, हे त्यांनी दिवसभर घोकलं.

शनिवारी तनय आला नाही. आनेकलच्या बसनं अहल्या अक्का आली. तिनं पिशवीतून पदक काढून टेबलावर ठेवलं.

"घ्या, अण्णा. तुमचं आहे."

"स्वल्प बसा, अक्का. त्या पोरानं दगा दिला हो. मी विश्वासानं सांगितलं त्याला..."

"त्या पोराला मी कुठं ओळखते?" ती उभीच होती. "आमचे हे दर दसऱ्यात आयुधपूजेला पदकाला कुंकू लावायचे. गोलकीपरला डावीकडून कसं चकवलं, ते मुलांना सांगायचे. नंतर नातवांना. त्यांचं मी समजू शकते, नोकरीचा प्रश्न होता. पण तुम्ही शेजारी बसून मान डोलवत होता, अण्णा. दर वर्षी. मीच तुम्हाला पुरणाची होळिगे वाढत होते."

बस चुकेल म्हणून ती चहा न घेताच निघाली.

तनयसाठी घोकलेल्या शिव्या अजून ओठांवरच होत्या. त्या आता कुणाला घालायच्या, तेच त्यांना कळेना.