मुलाखतीला गेलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. पांढुर्ण्याच्या शिंप्याने मला दादारावांच्या लग्नासाठी शिवलं. दादाराव अंगाने चांगले आडवे. लग्नात माझं फार कौतुक झालं. मग डांबरगोळ्यांसोबत माझी रवानगी पेटीत झाली.

१९८४ साली दादारावांचा भाचा गुणवंता अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाला. नोकरी मिळेना, सल्ले मात्र अख्ख्या सौंसर गावाकडून मिळाले. अखेर बोरगावजवळच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा दादारावांच्या बायकोने, लीलाबाईंनी, मला पेटीतून काढलं.

"हा कोट घालून जाय. साहेबासारखा दिसशीन."

"मामी, मे महिना चालू आहे!"

"अन् बोलजो कमी," दादारावांनी बजावलं. "जास्त बोलला का माणूस फसते."

गुणवंता म्हणजे नुसती काडी. माझ्या बाह्यांत त्याचे हात बोटांसकट बुडाले. बसमध्ये तो घामाने भिजला, आणि मीही.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "संत्र्याचं पीक भरपूर आलं, तर कारखान्याने काय करावं?"

उत्तर त्याला येत होतं. त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. पण मामाचा सल्ला आठवून तो एवढंच म्हणाला, "चांगलं करावं."

पुढच्या उमेदवाराला बोलवायला साहेबांनी घंटीकडे हात नेला. "थांबा!" म्हणत गुणवंताने हात उचलला, आणि माझ्या लोंबत्या बाहीने पाण्याचा पेला साहेबांच्या कागदांवर लवंडला.

गुणवंताने मला घाईघाईने उतरवलं आणि माझंच फडकं करून टेबल पुसलं. लग्नातला कोट मी, पार पोतेरं झालो! पण माझ्यातून सुटताच पोराला वाचा फुटली.

"साहेब, माल जास्त आला का भाव पडते. बारीक संत्रा कोणी घेत नाही, लोक वावराच्या धुऱ्यावर, बांधावर फेकून देते. तोच तुम्ही घ्या ना. रसाले आकार कोण पाहून राहिला?"

साहेब हसले. "मग आधी का नाही बोललास?"

"कोट होता ना, साहेब."

गुणवंताला नोकरी लागली. तेव्हापासून मी नशिबाचा कोट ठरलो. गावोगावचे पदवीधर मला मागून नेतात. धुऊन मात्र कुणी आणत नाही. मित्रांनो, मुलाखतीला आपल्या मापाचे कपडे घाला आणि येत असेल ते मोकळेपणाने बोला. मला न्यायचंच असेल, तर ऊन दाखवून परत करा. आणि बाह्या जोडून एक विनंती: पाणी मुद्दाम सांडू नका. परवा मोहगावच्या अनिलने सांडलं. त्याला नोकरी लागली नाही, आणि मी अजून दोरीवर वाळतो आहे.