खिडकीतून काढलेला गंगाराम

देवगडच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नाना कुबलांचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, मागे डार्करूम आणि माडीवर राहतं घर. योगिनी धामापूरहून या घरात सून होऊन आली. तिचा नवरा निकेत मालवाहू जहाजावर नोकरीला होता. सुट्टीत तो घरी आला की योगिनी त्याच्याबरोबर बाजारात जायची, देवळात जायची, एकदा तर दोघं मिठबावच्या किनाऱ्यावर दिवसभर भटकून आली होती. तो परत गेला की तिचं जग जिन्याच्या दोन टोकांमध्ये मावायचं.

तिला कुणी कोंडून घातलं नव्हतं. पण तिने पायात चप्पल सरकवली की स्वयंपाकघरातून सासूबाई, सत्यवती, विचारायच्या, "खंय चललंस गो?" आवाजात राग नसायचा, साधा प्रश्न असायचा. पण त्यांना पटेल असं उत्तर योगिनीपाशी नसायचं. मासे दारावर येत, भाजी नाना आणत, देवाची फुलं परसातच मिळत. मग ती चप्पल काढून पुन्हा भिंतीला लावून ठेवायची.

नानांना डार्करूममध्ये नीट दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी सुनेला हाताशी घेतलं. रोल धुणं, पासपोर्टचे फोटो छापणं, सगळं ती लवकर शिकली. नाना शिकवताना मनापासून शिकवायचे. त्यांच्याकडे जुना पेंटॅक्स होता आणि त्यावर कायम एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची. तिला ते 'नॉर्मल' म्हणत.

"माणसाच्या डोळ्याक दिसता तसाच हिका दिसता," ते लेन्स मऊ फडक्याने पुसत सांगायचे. "मोठा तोंड होया? दोन पावलां पुढे जा. सगळो माणूस होयो? मागे सर. फोटो पायांनी काढूचो असता."

योगिनी मान डोलवायची. पावलं टाकायला त्यांना जेटी होती, लग्नमंडप होते, जत्रा होत्या.

पुढच्या सुट्टीत निकेतने बापासाठी सिंगापूरहून एक जुनी लेन्स आणली. एकशे पस्तीसची टेली, लांबचं जवळ आणणारी, नानांच्या कॅमेऱ्याला बरोबर बसणारी. नानांनी ती हातात तोलून पाहिली, एकदा डोळ्याला लावली आणि परत डबीत ठेवली. "लांबसून फोटो काढणा म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणा," ते म्हणाले. निकेतचा चेहरा पडला. लेन्स माडीवरच्या फडताळात गेली.

निकेत जहाजावर परतल्यावर, नाना दुपारचे आडवे झाले असताना, योगिनीने ती पहिल्यांदा कॅमेऱ्यावर चढवली. खटकन् बसली. पश्चिमेच्या खिडकीशी उभी राहून तिने कडं फिरवलं आणि जेटी उडी मारल्यासारखी तिच्यासमोर आली. एरवी बोटाएवढी दिसणारी माणसं आता हाताच्या अंतरावर होती. लिलाव पुकारणारीच्या गळ्याची शीर दिसत होती. बर्फ फोडणाऱ्याच्या भुवईवरचा घाम दिसत होता. आणि त्या माणसांमागचं सगळं, होड्या, बर्फ कारखान्याची भिंत, पाणी, मऊ होऊन विरघळून गेलं होतं. तिला वाटलं, आपल्याला पाय फुटले.

तेव्हापासून पासपोर्टच्या रोलमध्ये शेवटी दोन-तीन फ्रेम उरल्या की त्या तिच्या. नानांची झोप, दुपारचं ऊन, परतलेल्या होड्या आणि खिडकी. ती फोटो छापत नसे. निगेटिव्ह धुऊन, कागदात गुंडाळून साड्यांच्या घडीखाली ठेवायची. तरण्या सुनेने खिडकीतून परक्या पुरुषांचे फोटो काढले, हे कुणाला कळलं असतं तर कुबलांच्या घराचं काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती काढत राहिली. तेवढ्या वेळात ती घराबाहेर असायची.

दोन हजार एकच्या दिवाळीआधी दर्यात अचानक वारा सुटला. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या. गंगाराम नावाच्या मच्छीमाराची परतली नाही. बरेच दिवस शोध झाला, पण माणूस सापडला नाही.

त्याची बायको रुक्मिणी जेटीवर मासे विकायची. एका सकाळी ती काखेत पोर घेऊन दुकानात आली आणि तिने नानांसमोर मतदानाचं ओळखपत्र ठेवलं.

"ह्या मोठा करून देतास, नाना? भिंतीक लावूक."

नानांनी ते उजेडात धरलं. नखाएवढा फोटो, त्यातला अर्धा चेहरा काळा. "ह्यातसून काय येवचा नाय गो," ते हळूच म्हणाले. "दुसरो फोटो नाय? लग्नातलो?"

"आमच्या लग्नात खंयचो फोटो?" रुक्मिणी म्हणाली. "चेडू वरसाचा नाय झाला. उद्या बापूस कसो होतो इचारल्यान तर ह्या काळा दाखवू?"

पडद्यामागे योगिनी पासपोर्टचे फोटो कापत होती. तिच्या हातातली कात्री थांबली. गंगाराम तिच्या साड्यांखाली होता. डोक्याला टॉवेल, खांद्यावर जाळं आणि मनमोकळं हसू. ती बाहेर जाऊन बोलू शकली असती. पण ती पडद्यामागेच थांबली. रुक्मिणी पायऱ्या उतरून गेली.

त्या रात्री तिने साड्यांखालची ती निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली. चेहरा तेवढाच छापून बाकीचं झाकून टाकावं, असा विचार तिने केला. पण फोटो वरून घेतलेला, मागे पुसट का होईना, बर्फ कारखाना. कितीही कापला तरी वरून पाहिलेलं लपणार नव्हतं. जेटीला अशी उंचीवरून पाहणारी खिडकी एकच होती. शेवटी, नाना दुपारचे झोपले असताना, तिने डार्करूमचं दार लावलं आणि मोठा फोटो छापला. तो वाळल्यावर तिने तो नानांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि समोर उभी राहिली.

नानांनी चष्मा लावला. फोटो उचलून पाहिला.

"कोणी काढल्यान?"

"मिया."

ते उठले, जिना चढून माडीवर गेले, खिडकीशी उभे राहिले. खाली येताना त्यांच्या हातात टेलीची डबी होती.

"कित्याक?" त्यांनी विचारलं.

"पावलां टाकूक माका जागा खंय आसा, नाना?"

सत्यवती दारात आल्या होत्या. कुणीच आवाज चढवला नाही. नानांनी फोटो पुन्हा उचलला, डोळ्यांजवळ नेला. "माझ्या एकाय फोटोत माणूस असो हसूक नाय," ते पुटपुटले. मग त्यांनी डबी दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली आणि फोटो पाकिटात घालून रुक्मिणीकडे गेले.

परत आल्यावर ते योगिनीकडे न बघता म्हणाले, "जुन्या रोलात गावलो म्हणान सांगलंय. मी काढलेलो. घराचा नाव ऱ्हवाक होया."

योगिनीने मान हलवली. फोटो पोचला याचं समाधान होतं. पण त्या रात्री पश्चिमेची खिडकी सासूबाईंनी लावून घेतली. ती उघडायला तिचा हात उठेना आणि घर पहिल्यांदाच तिला डबीएवढं वाटलं.

फोटो जेटीभर फिरला. लोक नानांकडे येऊ लागले. "गंगारामाचो काढलास, तसो आमच्या बापाशीचो काढा." नाना कॅमेरा घेऊन जेटीवर गेले. लोक नेहमीसारखे ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून. मग एक दिवस त्यांनी किल्ली काढून टेलीसुद्धा नेली. तो रोल योगिनीनेच धुतला. एकही फोटो स्पष्ट नव्हता. नानांच्या हाताला आता कंप होता, आणि लांबच्या लेन्सला जराही हललेलं चालत नाही. तिने रोल वाळत घातला. नानांनी तो पाहिला. टेली पुन्हा कपाटात गेली.

काही दिवसांनी रुक्मिणी मासे घेऊन दारावर आली. नाना कणकवलीला गेले होते. योगिनी पातेलं घेऊन बाहेर आली तशी रुक्मिणीने पाटी खाली ठेवली.

"तुझे उपकार झाले गो बाय."

"माझे नाय. नानांनी…"

"माका शिकवतंस?" रुक्मिणी म्हणाली. "तुझ्या खिडकीत दुपारची काच चमकता. आम्ही सगळीजणा बघतव."

योगिनीच्या हातातलं पातेलं खाली आलं. "सगळ्यांका म्हायत होता?"

"सगळ्यांका. फोटो काढलंस त्या दिवशी ह्यांनी वर मान केल्यानी. मी म्हटलंय, वर बघू नकात, ता चेडू घाबरतला. म्हणान ते हसले." रुक्मिणीने पदराने तोंड पुसलं आणि बांगडे मोजायला घेतले. "माझ्या बोलण्यार हसले ते. ता हसणा तुया ठेवलंस."

योगिनीला आधी लाज वाटली. इतके दिवस आपण कुणाला दिसत नाही असं समजून ती पाहत होती आणि खाली सगळी जेटी तिला सांभाळून घेत होती, अंगणात उतरलेल्या पाखराला हुसकू नये तशी. मग तिला रडू आलं आणि ते थांबेना.

"एकदा खाली ये," रुक्मिणी म्हणाली.

"माका सोडूचे नाय."

आतून सत्यवती आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पातेल्यातले बांगडे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "ह्ये ताजे नाय." रुक्मिणी काही बोलणार, तोच त्यांनी पुढे म्हटलं, "उद्यापासून माझी सून जेटीर येतली, मासे बघून घेतली." आणि पातेलं तसंच उचलून आत गेल्या. बांगडे ताजे होते.

दुसऱ्या दुपारी योगिनी चप्पल घालून निघाली तेव्हा नाना गल्ल्यावर होते. त्यांनी तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यावर नॉर्मल होती. "उन्हा उतरायच्या आधी घरात," एवढंच ते म्हणाले.

जेटीवर ती पोचली तशी बायका सरकून बसल्या. तिला पावलं टाकायची होती, पण दोन पावलांतच ती थांबली. जवळ गेलं की समोरचा माणूस थेट डोळ्यात बघायचा. कुणी पदर सावरायची, कुणी ओठ मिटायची. लिलाव पाहायला आलेले दोघे पुरुष आपसात काही बोलले आणि हसले. तिने घाईघाईने थोडे फोटो काढले, बांगडे घेतले आणि ऊन असतानाच परतली.

रोल धुतला. चेहरे ताठ आणि अर्धे फोटो हललेले. नानांनी ते भिंगाखाली एकेक करून पाहिले.

"हात हललो," ते म्हणाले. "पुढच्या येळेक कोपर पोटाक लाव. आणि लगेच काढू नको. त्यांच्यात बस, मासे निवड, बोल. त्यांका कंटाळो येवक होयो तुझो."

बोलून ते भिंग पुसू लागले. योगिनीने 'पुढच्या येळेक' हे शब्द ऐकले होते, पण ते दाखवलं नाही. आतून सत्यवतींनी दिवेलागणीची हाक दिली. तिने ओल्या निगेटिव्हना चिमटा लावला, दुकानाची फळी ओढून घेतली आणि जिना चढून वर गेली.