चाळीस बाण

कोरियातल्या आमच्या देजॉन शहरातल्या प्राध्यापक बांगांनी मुलांचा 'समग्र विचार' मोजायची पट्टी काढली, तेव्हा मला हसू आवरेना. गोष्टी कागदावर लिहायच्या आणि कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडायचं. दहाच्या आत बाण असले तर पहिली पायरी, चाळीस झाले की पाचवी. चौथीच्या पोराला हीच पट्टी, पीएच.डी. करणाऱ्या घोड्यालाही हीच. बाण खरा की खोटा, ते कुणी बघायचंच नाही. विद्वान माणूस, बोलणार कोण!

आठवडाभरात बाण शिकवणारे क्लास निघाले. त्यांनी पोरांकडून एकच चित्र घोटून घेतलं: कचरा वाढतो, पृथ्वी तापते, बर्फ वितळतं, अस्वल मरतं. यंदा विद्यापीठातल्या हुशार शाळकरी मुलांच्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेत प्रश्न होता, 'शाळेच्या जेवणात अन्न का उरतं?' मी साठ पेपर तपासले. एकावन्न पेपरांत ध्रुवीय अस्वल! उष्ट्या किमचीच्या लोणच्याशी अस्वलाचा काय संबंध, कप्पाळ? पण बाण होता ना, द्या गुण.

एका पेपरात मात्र चारच बाण. प्यो हेदम, इयत्ता चौथी. आमच्याकडे शाळांत बुधवारी ताट पुसून संपवायचं असतं, उष्ट्याची बादली ज्या वर्गाची हलकी त्याला आइस्क्रीम. हेदमने लिहिलं होतं, आइस्क्रीमसाठी मुलं मुळ्याची भाजी दुधाच्या रिकाम्या खोक्यात कोंबतात, त्याने बादली हलकी होते, मग शाळा खूश होते, आणि पुन्हा आइस्क्रीम देते. वर्तुळ पुरं. मी खुर्चीवरून उठलेच.

"सर, हिला घ्यायलाच हवं. साठांत ही एकटी विचार करतेय."

"मिन बाई, चार बाण म्हणजे पहिली पायरी," बांग म्हणाले.

"आणि ती अस्वलं?"

"अस्वलं मोजता येतात हो! उद्या आईबाप दारात येऊन बसले, की त्यांना काय तुमचं कौतुक दाखवू?"

असल्या माणसाशी काय डोकं फोडायचं! मी जागेवर आले, पेन्सिल घेतली आणि हेदमच्या कागदावर छत्तीस बाण ओढले. अस्वलसुद्धा काढलं. पोरीचं भलं करतेय, असं स्वतःला बजावत होते.

मुलाखतीला बांगांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला. "शाब्बास! पाचवी पायरी! आता हा अस्वलाचा बाण समजावून सांग बघू."

तिने कागद जवळ ओढून नीट पाहिला. "हे चार माझे आहेत सर. बाकीचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"माहीत नाही. पण ज्यांनी काढलेत ना, त्यांना काहीच कळत नाही. अस्वलामुळे कुणी मुळा टाकतं का?"

माझे कान तापले. मला वाटलं, आता बांग विचारतील, कागद कुणाकडे होता? छे! त्यांनी लाल पेन काढलं, चाळीस खोडून चार केले, पाच खोडून एक केला, आणि तिचा प्रवेश गेला.

"पण सर, माझं चुकलं काय?" हेदमने विचारलं.

"चुकलं नाही गं, बाण कमी पडले."

तिने माझ्याकडे पाहिलं. टेबलापलीकडे बाईमाणूस मी एकटीच होते, म्हणून असेल. तिला आशा होती, मी काहीतरी बोलेन.

मी बोलले. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.