दोर धरणारी तोफ

मी एक जुनी तोफ आहे. पण मित्रांनो, घाबरू नका, माझं तोंड वाळूत गाडलेलं आहे. घानाच्या किनाऱ्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या बंदरात मी डोकं खाली आणि बूड वर करून उभी आहे. लाटा मला घशातून ऐकू येतात. त्या गुंगीत किती वर्षं गेली, कोण जाणे.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला, भट्टीतल्या लाल रसातून झालेला. गलबतातून मला इथे आणलं आणि किल्ल्याच्या तटावर समुद्राकडे तोंड करून बसवलं. रोज तेलपाणी, रोज पुसणं. येणारे जाणारे म्हणत, "काय रुबाब आहे!" मात्र माझ्या पायाखालच्या तळघरात गुलाम म्हणून विकायची माणसं कोंडलेली असत. एका अरुंद दारातून त्यांना बाहेर काढत, गलबतांवर चढवत. त्यातलं कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही. आपण नक्की कोणाची राखण करतोय, हे मला फार उशिरा उमगलं. माझे मानाचे दिवस म्हणतात, ते हे असे.

पुढे गलबतवाले गेले आणि मी गंजत पडले. मग एके दिवशी इथल्या फांटी जमातीच्या कोळ्यांनी गात गात मला तटावरून खाली ओढून आणलं. त्यांना होड्यांचे दोर बांधायला खुंट हवा होता. ओला दोर पहिल्यांदा अंगाभोवती आवळला, तेव्हा वाटलं, कोणीतरी माझा हात धरला.

तेव्हापासून मी होड्या धरते. तारलीने भरलेल्या होड्या पहाटे आल्या की बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात. त्यांची मुखिया अराबामावशी. मासळीचा भाव तिच्या तोंडून निघाल्याशिवाय एक मासा हलत नाही. टोपल्या गेल्या की ती मला पाठ टेकून बसते, पानात बांधलेला केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, गोळा सोडते आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खाते. तिच्या पाठीच्या उबेत मला डुलकी लागते.

अशाच एका दुपारी ती धपकन येऊन बसली आणि माझी डुलकी मोडली. किल्ल्याच्या अंगणात सभा झाली होती आणि तिथे नव्या बेताचं मोठं चित्र दाखवलं होतं. किल्ला आणि बंदर मिळून कलानगरी होणार होती. संग्रहालय, नाटकघर, फरसबंदी, पांढऱ्या छत्र्या. मला घासूनपुसून पुन्हा तटावर चढवणार होते आणि माझ्या जागी कारंजं.

"मावशी, त्या चित्रात मी कुठे दिसलो का?" क्वामेना तांडेलाने जाळं सांधता सांधता विचारलं.

"दिसलास ना. कॉफीच्या टेबलाखाली बसला होतास, मांजरासारखा."

"आणि होड्या?"

मावशीने केंकीचं पान चुरगाळलं. "एकही नाही. 'वापरात नसलेलं बंदर' असं लिहिलंय, भल्या माणसा."

मित्रांनो, मला पुन्हा त्या तटावर जायचं नव्हतं. पण माझं सोडा. होड्या लावायला जागाच उरली नाही, तर ही शंभर घरं खाणार काय?

चार दिवसांनी, बुधवारी पहाटे, चित्र काढणाऱ्या लँप्टीबाई राजधानीहून आल्या. माझ्या अंगावर त्यांनी खडूने हलवायच्या वस्तूंमधला एक आकडा लिहिला. मावशी कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"बाई, इथे होड्या लागत नाहीत असं तुम्हाला सांगितलं तरी कोणी?"

"मी स्वतः दिवसभर बसून पाहिलं. एक होडी पाण्यात नव्हती. सगळे झोपले होते. एकाने तर मला नारळसुद्धा दिला."

"वार कोणता होता?"

"मंगळवार."

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं माझे बाई! मंगळवार समुद्राचा! त्या दिवशी इथे कोणी वल्हं ओलं करत नाही. त्याला नको का एक दिवस विसावा? आणि हे आमचे शहाणे! पाहुणी समजून नारळ देत बसले. तोंड नव्हतं का रे तुम्हाला?"

"नारळ गोड होता," क्वामेनाचा भाऊ पुटपुटला.

तेवढ्यात होड्या आल्या. भरती जोराची होती. क्वामेनाची होडी दगडांकडे ओढली जाऊ लागली आणि त्याने दोर फेकला. तो पडला नेमका लँप्टीबाईंच्या पायाशी.

"बघता काय! तोफेला वेढे मारा!" तो ओरडला.

बाईंनी चपला फेकल्या आणि दोर धरला. एक वेढा, दोन वेढे. दोर ताणला, मी कण्हले, माझ्यावरचा खडू पुसला गेला. होडी थांबली. माणसं उतरली, मासळी उतरली. बाईंनी लाल झालेले तळवे चोळले आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या मोजल्या. मग हळूच म्हणाल्या, "रोज एवढ्या होड्या?"

"मंगळवार सोडून," मावशी म्हणाली आणि त्यांच्या हातात तळलेला मासा ठेवला.

चित्र पुन्हा काढलं गेलं. सगळं काही आमच्या मनासारखं झालं नाही. मासळीला धूर देण्याच्या भट्ट्या किल्ल्यामागे गेल्या, त्यावरून मावशी अजून कुरकुरते. पण बंदरात होड्या राहिल्या आणि मीही राहिले. तळघराच्या त्या अरुंद दाराशी आता लोक थांबतात, बोलणं बंद करतात. नाटकघरातून दुपारी ढोलांचा सराव ऐकू येतो, आणि तो थेट माझ्या घशात घुमतो.

गेल्या आठवड्यात कोणीतरी माझ्यापुढे एक पाटी रोवली : 'ऐतिहासिक वस्तू. हात लावू नये.' क्वामेनाने ती वाचली, तिच्यावर ओला सदरा वाळत घातला आणि मला दोर बांधला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. त्यांनी काय काय पाहिलं, तेही विसरू नका. पण आम्हाला एवढं जपू नका की आम्ही कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. माझ्या गावी आलात, तर सदरा बाजूला सारून पाटी वाचा. आणि मग खुशाल हात लावा.