नेमका पत्ता

तपासणीचं रक्त काढून झालं तसा आईने मुंगीच्या कोपराच्या लवणीत कापसाचा बोळा दाबून धरला. हळू दाबलं तर रक्त थांबत नाही, जोरात दाबलं तर निळा डाग उठतो. मधला जोर तिच्या बोटांना आता पाठ झाला होता.

"आज काय सोडणार?" मुंगीने विचारलं.

"बारीक कण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांना न दिसणारे. आत औषध, वर चरबीचं पातळ आवरण."

"म्हणजे लोण्याचा रेनकोट?"

"अगदी! आणि रेनकोटाला हुक. रक्तातली आजारी पेशी ओळखायची आणि तिलाच चिकटायचं. मागच्या वेळी चमकणाऱ्या कणांनी पत्ता शोधला ना? आज त्याच पत्त्यावर औषध."

"आणि चांगल्या पेशी?"

"त्यांना शक्यतो धक्का नाही. ज्यांनी काही केलंच नाही, त्यांना शिक्षा कशाला?"

आईने बोळा उचलून पाहिला. रक्त अजून पाझरत होतं. तिने तो परत दाबला.

मुंगीच्या मांडीवर पहिले निळे डाग दिसले, तेव्हा ती दिवसभर आत्याजवळ असायची. आत्या कडक, तोंडाने फटकळ. आईला तेवढं पुरलं होतं. "ताई, चिमटे काढता का हो तिला?" तिने सगळ्यांदेखत विचारलं. ताई भरल्या ताटावरून उठल्या आणि बॅग घेऊन गेल्या. त्यानंतरही डाग उठत राहिले. जुनेच असतील, जातील, असं म्हणत आईने आणखी कितीतरी दिवस घालवले.

दार ढकलून ताई आत आल्या.

"आत्या!" मुंगीने मोकळा हात पसरला.

"काय गं मुंगे, साखर सापडेना वाटतं? किती वाळलीस!" ताई हसल्या, पण पलंगापासून लांबच थांबल्या, हात पाठीमागे बांधून.

"जवळ घे ना."

"घ्या ना, ताई," आई म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

"नको गं. डाग उठला तर?"

आई मोकळा हात लांबवून पुढे वाकली. तिने ताईंचा हात ओढून घेतला आणि त्यांची बोटं बोळ्यावर ठेवली. वरून आपली.

"इथे. एवढंच दाबायचं."

मग तिने आपली बोटं काढून घेतली.