सोशिक यकृताचा अर्ज

विषय : चरबीचा बोजा उतरवून मिळणेबाबत.
संदर्भ : मालकांची रक्ततपासणी, शेरा ‘सर्व काही नॉर्मल’.

उपरोक्त विषयी निवेदन करतो की, मी मालकांचं यकृत बोलतोय. मुक्काम उजव्या बरगड्यांखाली.

जन्मलो तेव्हा तांबूस, तुकतुकीत होतो. पुढे मालक घड्याळं दुरुस्त करू लागले. दिवसभर स्टुलावर बैठक, डोळ्याला भिंग, हाताशी गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा. पुडा संपला की तेवढे उठायचे, दुसरा आणायला. जास्तीच्या साखरेची चरबी करून ठेवणं माझ्याकडे. ठेवली. आता मलाच अंग चोरून बसावं लागतं.

माझ्या पेशी फुटल्या असत्या, तर एन्झाइम रक्तात सांडून तपासणीत बोभाटा झाला असता. पण त्या पडल्या सोशिक. ओरडत नाही त्याला काही दुखत नाही, असा जगाचा समज.

“अहो, पोट बघा जरा. एकदा सोनोग्राफी करून घ्या,” मालकीणबाई म्हणायच्या.

“रिपोर्ट वाच! उद्या कुणाला दान देईन, असं ठणठणीत यकृत आहे!”

तो उद्या आला. मालकांच्या धाकट्या बहिणीचं यकृत आजाराने निकामी झालं. घरात रक्तगट जुळला तो एकट्या मालकांचा. माझा तुकडा तिला द्यायचं ठरलं. जन्मात पहिल्यांदा माझी कुणाला गरज पडली होती, मी हुरळलो. मालक रिपोर्ट फडकावत इस्पितळात गेले.

स्कॅन पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “चरबी फार आहे. असा तुकडा घेता येणार नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही.”

“पण नॉर्मल लिहिलंय की!”

“रक्तात नॉर्मल आहे. वजन उतरवा, मग पुन्हा बघू.”

खाटेवरून बहीण हसली. डोळे हळदीसारखे पिवळे. “दादा, गिऱ्हाइकांना काय सांगतोस रे? टिकटिक चालू आहे म्हणून आत गंज नाही, असं समजू नका!”

मालकांनी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी चालायचे बूट आले. तिसऱ्या दिवशी ते चावले, म्हणून मालक बसून राहिले. मी काय करणार? मला हात ना पाय.

काल बहिणीला पुन्हा भरती केलं. आज मालकांनी दुकान लवकर बंद केलं आणि जुन्याच चपला घालून इस्पितळाकडे पायी निघाले आहेत. वाटेत बेकरी लागते.

फेरतपासणी व्हायची आहे. अर्ज प्रलंबित आहे.