माझा खड्डा

आमच्या नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यातला कंपोस्टचा खड्डा माझा. अठरा वर्षं मी त्यात पालापाचोळा, शेण, भाजीची सालं-देठं कुजवत आले. आणि आता दिरांना त्यावर फरशी टाकून विक्रीचं काउंटर उभारायचं होतं!

"वहिनी, खताची गोणी फोडली की काम होतं. हा पसारा हवाय कशाला?"

"पसारा? रोपं समोरासमोर वाढवून बघा, भावजी. हरले तर मीच खड्डा बुजवेन." तोंडाला लगाम नाही, हे माझं जुनं दुखणं.

टोमॅटोच्या चाळीस कुंड्या ठरल्या. वीस माझ्या कंपोस्टवर, वीस पुतण्याच्या पाण्यात विरघळणाऱ्या खतावर. तो शेतकीचा पदवीधर, सगळं चमच्याने मोजून देणारा. महिन्याने निकाल.

पंधरा दिवसांत त्याची रोपं हिरवीगार झाली. माझी पिवळी, मरतुकडी. दीर येता-जाता नुसते खाकरायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी पुतण्यानेच हळूच विचारलं, "काकू, या खेपेला भुसा जास्त पडला का?"

पडला होता. सुताराकडची दोन पोती ओतून, पुरतं कुजायच्या आतच मी खत उपसलं होतं.

"भुसा कुजताना मातीतलं नत्र खातो. रोपं उपाशी आहेत. चिमूटभर युरिया द्या."

"युरिया? मी?"

तणतणत घरात गेले. पण रोपांनी माझं काय घोडं मारलं होतं? परत आले आणि दिरांच्या देखत चिमूट-चिमूट युरिया घातला. लपवाछपवी मला जमत नाही. आठवड्यात पानांना रंग चढला, तरी उंचीला माझी रोपं वीतभर कमीच होती.

निकालाला तीन दिवस उरले आणि पंप जळला. मिस्त्री सुटा भाग आणायला गेला तो उगवेचना. ऊन रणरणत होतं. घरातलं होतं नव्हतं ते पाणी बियाण्याच्या वाफ्यांना गेलं, कुंड्या कोरड्याच राहिल्या.

निकालाच्या सकाळी पुतण्याच्या वीसही रोपांनी माना टाकल्या होत्या. माझी ताठ उभी! मी एक कुंडी उपडी केली. मुळं दाट, आणि मातीत अजून ओल. त्याच्या कुंडीतली माती वाळून कडेपासून सुटली होती.

"कंपोस्टने पाणी धरून ठेवलं, बाबा," पुतण्याच दिरांना म्हणाला. "माझं खत पोट भरतं, पण तगायला काकूंचीच माती लागते."

मी हसले, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल इतकी. अठरा वर्षांची मेहनत त्या हसण्यात होती.

तेवढ्यात काउंटरसाठी बोलावलेला गवंडी आला. "खड्डा हाच ना बुजवायचा?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला. "बुजवू नकोस. शेजारी अजून एक खण. एवढाच."

"एवढाच नाही," मी म्हणाले, "याच्या दुप्पट."